हैबतीचे कुत्रे आणि यसूबाईचं अंगण

फार जुनी गोष्ट आहे. डोंगराच्या कुशीत एक लहानसं गाव होतं. हिवाळ्यात तिथं एवढं दाट धुकं उतरायचं, की सकाळी दारात उभं राहिलं तर अंगणाचं टोक दिसायचं नाही. ऊन चांगलं वर येईपर्यंत गाव त्यात बुडालेलं असे. लोक एकमेकांना आवाजावरून ओळखत.

गावाच्या शेवटच्या टोकाला दोनच घरं होती. एका घरात हैबती नावाचा माणूस राहायचा. बायको वारलेली, मूलबाळ नाही. त्याचे दोन कुत्रे होते. एक काळाकुट्ट, त्याचं नाव काजळ्या. दुसरा तांबूस, तो भुंग्या. एकदा रानात हैबतीवर डुक्कर चालून आलं, तेव्हा या दोघांनी मध्ये पडून त्याचा जीव वाचवला होता. तेव्हापासून हैबती आधी त्यांच्यापुढे भाकरी कुस्करायचा आणि मग आपण जेवायचा.

दुसऱ्या घरात यसूबाई राहायची. तीही एकटीच. तिच्याकडे अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा होता. गावातल्या घरी अंडी द्यायची आणि बदल्यात ज्वारी, डाळ, तेल घ्यायचं, असं तिचं चाललेलं असे. दिवसभर कोंबड्या अंगणात चरायच्या. संध्याकाळी ती त्यांना खुराड्यात कोंडायची आणि सकाळी उठल्याबरोबर सोडायची.

एका सकाळी तिनं नेहमीसारखं खुराडं उघडलं आणि ती चूल पेटवायला आत गेली. बाहेर कोंबड्यांचा कलकलाट चालला होता. मग तो एकदम थांबला. हळूहळू कमी झाला नाही, एखाद्यानं वरून झाकण ठेवावं तसा थांबला.

यसूबाई बाहेर आली. धुक्यात तिला काहीच दिसेना. चार पावलं पुढे गेल्यावर पायाला काहीतरी मऊ लागलं. ती कोंबडी होती. मान लुळी पडलेली, अंग अजून गरम. थोडं पुढे दुसरी होती, आणि त्यापुढे तिसरी. कुठं रक्ताचा थेंब नव्हता. कुणी एक घास खाल्लेला नव्हता. कोंबडा घराच्या आढ्यावर जाऊन बसला होता. त्याची चोच उघडी होती, पण तो ओरडत नव्हता.

ती तशीच हैबतीकडे गेली. कुत्रे आले होते का, असं तिनं विचारलं. हैबतीनं दाराकडे बोट दाखवलं. दोघे उंबऱ्यापाशी अंगाची मुटकुळी करून झोपले होते. रात्रीपासून हे इथंच आहेत, असं तो म्हणाला, आणि त्याला खरंच तसं वाटत होतं. यसूबाईनं मान हलवली आणि ती परत गेली.

ती गेल्यावर काजळ्यानं जांभई दिली. त्याच्या सुळ्याला एक तपकिरी पीस चिकटलं होतं.

हैबती बराच वेळ त्या पिसाकडे बघत राहिला. मग त्यानं ते बोटानं काढलं, चुलीत टाकलं आणि धोतराच्या सोग्यानं काजळ्याचं तोंड पुसलं. भुंग्याचंही पुसलं. जनावर आहे, एखाद्या वेळी चुकलं असेल, पुन्हा नाही करणार, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

पण पाचव्या दिवशी पुन्हा तसंच झालं. तेच धुकं, तीच अचानक शांतता, आणि अंगणात दोन कोंबड्या पडलेल्या.

आता गावात बोलणं सुरू झालं. कोल्हा असता तर त्यानं कोंबडी उचलून नेली असती. मुंगसानं रक्त प्यायलं असतं. जे मारतं पण खात नाही, ते जनावर कसलं? एकीनं सांगितलं, की पहाटे त्या बाजूनं जाताना तिला धुक्यात कुणीतरी श्वास घेताना ऐकू आलं. दुसरीनं सांगितलं, एक नाही, पुष्कळ जण श्वास घेत होते. यसूबाईच्या अंगणाला काहीतरी लागलंय, असं सगळे म्हणू लागले.

गावचा कारभारी शहाणा माणूस होता. त्यानं हैबतीला चावडीवर बोलावून सगळ्यांसमोर विचारलं, की तुझे कुत्रे मोकळे असतात, हे त्यांचं काम तर नाही ना? हैबतीला ते पीस आठवलं. पण कबूल केलं तर लोक काठ्या घेऊन येतील, याची त्याला भीती वाटली. माझे कुत्रे दारातून हलत नाहीत, असं त्यानं सांगितलं. हैबती सरळ माणूस म्हणून गावाला माहीत होता. कारभाऱ्यानं पुढे विचारलं नाही.

त्या दिवसापासून लोकांनी यसूबाईची अंडी घेणं बंद केलं. त्या अंगणातलं काही घरात नको, असं बायका म्हणाल्या. तिच्या घरापुढून जाणारी वाट सोडून लोक ओढ्याच्या बाजूनं वळसा घालून जाऊ लागले. विहिरीवर ती आली की बाकीच्या घागरी उचलून निघून जात.

यसूबाईनं एकटीनं बोरीच्या फांद्या तोडून आणल्या आणि अंगणाभोवती काट्यांचं कुंपण घातलं. तिचे हात रक्तबंबाळ झाले. दोन दिवसांनी सकाळी कुंपणाखालची माती उकरलेली होती आणि आणखी दोन कोंबड्या गेल्या होत्या. तिनं कोंबड्यांना उशिरा सोडून पाहिलं, तर खुराड्याची फळीच एका बाजूनं उचकटलेली निघाली.

हैबतीनं त्या आठवड्यात कुत्र्यांना दोन दिवस दाव्यानं बांधून ठेवलं. पण ते रात्रंदिवस रडू लागले. ते ऐकवेना, म्हणून तिसऱ्या दिवशी त्यानं त्यांना सोडलं.

एका दुपारी यसूबाई कुंपणापाशी उभी होती. तिचे डोळे जागरणानं आत गेले होते. तिनं विचारलं, “हैबतीभाऊ, माझ्या अंगणात काय येतंय, तुम्हाला कधी काही दिसलं का?”

हैबती म्हणाला, “नाही बाई.”

“मग लोक म्हणतात तेच खरं असेल,” ती म्हणाली. “माझ्याच हातून काहीतरी पाप झालं असेल. तुम्ही शेजारी राहता. तुम्हाला दिसलं असतं तर तुम्ही सांगितलंच असतं.”

हैबती घरात निघून गेला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

आणि भाकरी त्याच्या कुत्र्यांनाही नकोशी झाली होती. पूर्वी पुढ्यात कुस्करा पडला की दोघे शेपट्या हलवत धावायचे. आता काजळ्या भाकरीला नुसतं हुंगायचा आणि धुक्याकडे तोंड करून बसायचा. पहाटे तो उठायचा आणि न भुंकता, न गुरगुरता निघून जायचा. भुंग्या त्याच्या मागोमाग जायचा. आजूबाजूच्या वाड्यांवरचे कुत्रेही आता त्यांना येऊन मिळत होते. हैबती अंथरुणात पडून ऐकायचा. अंगणातून पावलं जायची. दोन कुत्र्यांची नव्हे, पुष्कळ पावलं. ती थांबायची, जणू कुणाची तरी वाट बघत, आणि पुन्हा चालू व्हायची.

यसूबाईकडे शेवटी एकच कोंबडी उरली. ती खुडूक होऊन अंड्यांवर बसली होती. यसूबाईनं तिला घराच्या ओट्यावर, अगदी दाराशी, बांबूच्या डालग्यात ठेवलं होतं. पिल्लं निघायला चारच दिवस उरले होते.

त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की उजाडलं असूनही उजेड कुठून येतोय ते कळत नव्हतं. अंगणातून पावलं गेली. आज हैबतीला राहवलं नाही. तो उठला आणि त्या पावलांच्या मागोमाग निघाला.

यसूबाईच्या कुंपणाला मोठं भगदाड पडलं होतं. तो त्यातून आत शिरला. आधी त्याला फक्त श्वास ऐकू आले, संथ आणि ओले. मग धुकं थोडं सरकलं, आणि त्याला दिसलं.

सात-आठ कुत्रे ओट्यासमोर अर्धगोल करून उभे होते. एकही भुंकत नव्हता, एकही गुरगुरत नव्हता. ते नुसते उभे होते आणि मधूनच एक-एक पाऊल पुढे टाकत होते. ओट्यावर यसूबाई डालग्याला पाठ लावून बसली होती. तिच्या हातात चुलीतलं जळतं लाकूड होतं, पण ते विझत आलं होतं. ओरडून काय झालं असतं? त्या अंगणातून ओरडण्याचा आवाज आला असता, तर गाव उलट लांब पळालं असतं.

सगळ्यांच्या पुढे काजळ्या होता.

“काजळ्या,” हैबतीनं हाक मारली.

काजळ्यानं मान वळवली. ज्याला त्यानं बोटानं दूध चाटवून वाढवलं होतं, तो कुत्रा त्याच्याकडे बघत होता. पण शेपटी हलली नाही, कान पडले नाहीत. एखाद्या झुडपाकडे बघावं तसं त्यानं हैबतीकडे पाहिलं. त्या नजरेत ओळखच नव्हती. हैबतीनं पुन्हा हाक मारली, तेव्हा बाकीच्यांनीही माना वळवल्या, आणि तो अर्धगोल हळूहळू त्याच्याकडे फिरला.

कुत्रे पुढे येत होते, अजूनही मुकाट्यानं.

तेवढ्यात यसूबाई ओट्यावरून खाली उतरली. तिनं ते लाकूड कुत्र्यांच्या मध्ये फेकलं. ठिणग्या उडाल्या, कुत्रे दोन पावलं मागे हटले. त्या वेळात तिनं एका हातानं डालगं कोंबडी-अंड्यांसकट ओढलं, दुसऱ्या हातानं हैबतीची बाही धरली, आणि सगळ्यांना घेऊन घरात शिरून दार लावलं.

बाहेर बराच वेळ दाराला नखं घासत होती. मग तेही थांबलं.

घरात अंधार होता. दोघे भिंतीला टेकून बसले. यसूबाईचा श्वास खाली बसला, तेव्हा ती हळूच म्हणाली, “तुम्ही त्याला नावानं हाक मारलीत.”

धुक्यात काय दिसतंय, कुणाला समजून हाक मारली कुणास ठाऊक, असं हैबतीला म्हणता आलं असतं. यसूबाईनं त्यावरही विश्वास ठेवला असता. ते वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलंही.

पण तो म्हणाला, “काजळ्याच होता. भुंग्याही होता. पहिल्या दिवशीच मला कळलं होतं. त्याच्या दाताला तुमच्या कोंबडीचं पीस होतं. मी ते जाळलं.”

यसूबाई रागावली असती, तिनं शिव्या दिल्या असत्या, तर हैबतीला बरं वाटलं असतं. ती तोंडाला पदर लावून रडत होती, आणि ते कोंबड्यांसाठी नव्हतं, हे त्याला समजलं.

“मला वाटत होतं,” ती शेवटी म्हणाली, “मला वेड लागलंय.” मग डोळे पुसून तिनं विचारलं, “हे चावडीवर सांगाल?”

धुकं निवळल्यावर हैबती चावडीवर गेला आणि त्यानं सगळं सांगितलं. पीस, चूल, पुसलेलं तोंड, काहीच गाळलं नाही. लोक चिडले. कुणी म्हणालं, मांसात विष कालवून ठेवू. पण यसूबाई तिथंच उभी होती. तिनं सांगितलं, की कुत्रा कोण आणि वासरू कोण, हे विषाला कळत नाही. उद्या ते कुणाच्या वासराच्या, कुणाच्या लेकराच्या तोंडी जाईल. ज्याचा कुत्रा त्यानं बांधावा, एवढंच पुरे.

तेव्हा आसपासच्या वाड्यांवर निरोप गेले, आणि ज्यानं-त्यानं आपापले कुत्रे दावणीला बांधले. भुंग्या तिसऱ्या दिवशी लंगडत घरी आला आणि हैबतीच्या पायाशी पडला. हैबतीनं त्यालाही साखळी घातली. तो रडला, तरी सोडला नाही. काजळ्या मात्र आला नाही.

हैबतीनं ओढ्यातून दगड वाहून आणले आणि यसूबाईच्या अंगणात नवं खुराडं बांधलं. पाया गुडघाभर खोल घेतला, म्हणजे खालून उकरता येऊ नये. वर जाड बांबू आवळले, दाराला आडणा लावला. आपल्या शेतातली ज्वारी त्यानं तिच्या कणगीत भरली. त्या हिवाळ्यात रोज सकाळी धुकं निवळेपर्यंत तो काठी घेऊन तिच्या अंगणात बसायचा.

अंड्यांतून नऊ पिल्लं निघाली. पुढे गावातल्या बायका पुन्हा अंडी न्यायला लागल्या. पण सगळ्या नाहीत. दोन-चार घरं अशी होती, ज्यांनी त्या अंगणात पुन्हा कधीच पाऊल टाकलं नाही. खरं काय ते त्यांना माहीत होतं, तरी त्यांची भीती गेली नाही. हैबतीनं त्या प्रत्येक घरी जाऊन हात जोडले. उपयोग झाला नाही.

पुढच्या हिवाळ्यात एक वाटसरू त्या वाटेनं चालला होता. सकाळची वेळ होती. यसूबाईच्या कुंपणाबाहेर, धुक्याच्या कडेला, एक काळा, हडकलेला कुत्रा उभा असलेला त्याला दिसला. तो हलत नव्हता, भुंकत नव्हता, आतल्या कोंबड्यांकडे नुसता बघत होता. वाटसरूच्या अंगावर काटा आला. त्यानं अंगणात बसलेल्या हैबतीला घाबरतच विचारलं, “बाबा, हा कुणाचा कुत्रा?”

हैबती काठीवर भार देऊन उठला. कुंपणापाशी जाऊन तो कुत्रा आणि कोंबड्या यांच्या मध्ये उभा राहिला.

“माझा,” तो म्हणाला.

तात्पर्य: लाडक्याचा दोष झाकल्यानं तो नाहीसा होत नाही, त्याची शिक्षा तेवढी शेजाऱ्याच्या दारात जाऊन पडते.