मोडलेल्या डाळिंब्या

"…पण मग चुकतं कुठे, बाई?"

शाळेत जयवंतला गणित शिकवलेल्या टिपणीस बाईंची बोटं चालूच होती. पडवीत पाट टाकून बसल्या होत्या. समोर कोमट पाण्याच्या पातेल्यात मोड आलेले वाल. दोन बोटांत वाल धरायचा, हलकेच दाबायचा, साल मागे राहते आणि डाळिंबी पुढे येते. बिरडं खायला सोपं, सोलायला जिवावर येतं.

"सगळं समजतं हो तिला," जयवंत म्हणाला. "मी सोडवत असताना ओळीओळीला विचारतो. समजलं का? हो बाबा. समजलं का? हो बाबा. आणि पूर्वपरीक्षेत गणिताचा पेपर कोरा!"

"अगदी कोरा?"

"प्रत्येक उदाहरणाखाली एक ओळ. समजा, अमुक बरोबर x. पुढे काही नाही."

बाईंनी एक डाळिंबी ताटलीत टाकली.

"मग पुढची ओळ घरी कोण लिहितं?"

"मीच. म्हणजे… तिला दाखवायला."

"हं."

जयवंत म्हात्रे म्हणजे पनवेलातलं मोठं प्रस्थ. दहावीच्या गणिताचा क्लास. शाब्दिक उदाहरण म्हटलं की भल्याभल्यांचं पेन थांबतं, पण सर उदाहरण वाचून संपवतात तोवर फळ्यावर निम्मं झालेलं असतं. मुलं टाळ्या वाजवतात. सरांना टाळ्या आवडतात, त्यात काय खोटं बोलायचं?

आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. सरांची स्वतःची मुलगी नापास.

ती मुलगी, केतकी, पडवीच्या पायरीवर बसली होती. पनवेलपासून नागावपर्यंत गाडीत एक शब्द बोलली नव्हती. आताही चपलेचा पट्टा काढत होती, लावत होती.

"बोर्डाची परीक्षा तोंडावर आलीय," जयवंत खालच्या आवाजात म्हणाला. "परवा आईला म्हणाली, मला बाबांसमोर बसायचंच नाही. मी आत आलो की ही उठून बाहेर जाते. बाई, नापास झाली तर मी ते सोसेन. पण पोरगी हातची चाललीय माझ्या…"

त्यानं रुमाल काढला.

बाईंनी त्याला रडू दिलं नाही. त्यांना ते कधीच जमलं नाही.

"आठवीत तू कसा शिकलास रे?"

"तुमच्याकडेच की! सगळी उदाहरणं तुम्हीच तर सोडवून दाखवलीत."

"मी?"

"हो… म्हणजे…"

जयवंत थांबला. आठवायला गेला तर एकही उदाहरण आठवेना. आठवली ती खिडकी. बाई उदाहरण सांगायच्या आणि मुलांकडे पाठ करून खिडकीशी उभ्या राहायच्या. हात मागे बांधलेले. साडीला मागच्या बाजूनं खडूचे पांढरे डाग. पोरं त्या डागांना हसायची, हा सगळ्यांत जास्त.

"तुम्ही खिडकीतून काय बघायचात हो?"

"चिंच."

"रोज?"

"दुसरं काही नव्हतंच तिथे." बाईंनी पायरीकडे मान वळवली. "ए पोरी, नाव काय तुझं?"

"केतकी."

"इकडे ये. हा खडू घे. लादीवरच लिही, मी नंतर पुसते. भिंतीला तेरा फुटांची शिडी लावलीय. शिडीचा पाय भिंतीपासून पाच फुटांवर. तर ती वर कुठे टेकली असेल?"

केतकीनं खडू घेतला. लादीवर टेकवला. आणि वर बघितलं. बाबांकडे.

"अगं, काटकोन दिसतोय ना!" जयवंत झटक्यात म्हणाला. "शिडी म्हणजे कर्ण. मग सिद्धांत कुठला लागेल?"

"पायथागोरस."

"शाब्बास! आता तेराचा वर्ग…"

बाईंनी पायानं लादी पुसून टाकली. तिच्यावर अजून एक रेघसुद्धा नव्हती.

"हे गेलं."

"गेलं म्हणजे? अहो बाई, मी फक्त सुरुवात करून दिली."

"सुरुवातच तर खाल्लीस, मेल्या. तिच्या पानात उरलं काय?"

जयवंत मागे सरकला. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला मेल्या म्हणणारी माणसं आता फार उरलेली नाहीत. त्याला राग आला, आणि थोडं बरंही वाटलं.

"केतकी," बाई म्हणाल्या, "वर का बघितलंस?"

तिनं खडू मुठीत धरला.

"मी नाही रागवत."

"बाबांच्या तोंडावर कळतं," केतकी हळूच म्हणाली. "बरोबर असलं की ते मान हलवतात. चुकलं की डावी भुवई वर जाते. मग मी पुसते आणि दुसरं काहीतरी लिहिते… भुवई खाली येईपर्यंत."

"आणि परीक्षेत?"

"पहिली ओळ लिहिली. वर बघितलं. समोर सुपरवायझर बाई जांभई देत होत्या."

बाई खो खो हसल्या. केतकीलाही हसू फुटलं. जयवंत मात्र हसला नाही. तो कोणी थोबाडीत मारावी तसा बसून राहिला. पोरीनं इतकी वर्षं अभ्यास केला होता, मन लावून केला होता. पण तो गणिताचा नव्हता, त्याच्या तोंडाचा होता.

"बाई… आता मी काय करू?"

बाईंनी पातेलं त्याच्यापुढे सरकवलं.

"सोल."

"काय?"

"वाल. हात धू आधी."

"अहो, मी हिच्या गणिताचं विचारतोय!"

"आणि मी वालाचं सांगतेय. मान खाली घालून सोलायचे. वर बघितलंस की डाळिंबी मोडते. मला मोडलेल्या आवडत नाहीत."

त्यानं हात धुतले. मांडी घालून बसला. पहिला वाल दाबला तो सुळकन उडून तुळशीपाशी गेला. दुसऱ्याची फाक झाली.

"मोडक्या वेगळ्या ठेव," बाई म्हणाल्या आणि केतकीकडे वळल्या. "ऐक. एका वाडीत माड आणि पोफळी मिळून चाळीस झाडं. माडाला पाणी लागतं तीन कळश्या, पोफळीला एक. सगळ्या वाडीला पाणी घातलं तेव्हा नव्वद कळश्या लागल्या. तर माड किती, पोफळी किती?"

एवढं बोलून बाई उठल्या आणि पडवीच्या कठड्याशी जाऊन वाडीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. हात मागे बांधून.

जयवंतच्या डोक्यात उत्तर केव्हाच येऊन बसलं होतं. ते जिभेच्या टोकावर नुसतं वळवळत होतं. त्यानं वाल उचलला.

केतकीनं खडू टेकवला. वर बघितलं.

बाबांचा चेहरा नव्हता. केस होते. मधोमध टक्कल पडायला लागलेलं.

ती बाईंकडे वळली. तिथे पाठ.

"…बाबा?"

जयवंतच्या बोटांत वाल फुटला. त्यानं तो मोडक्यांत टाकला. मान वर केली नाही.

मग बराच वेळ काहीच झालं नाही. रहाटाचा आवाज कुठूनतरी येत होता. केतकीनं एक उंच झाड काढलं, एक बुटकं काढलं. पुसलं. पुन्हा काढलं. उसासा टाकला. हे उसासे ऐकणं जयवंतला कधी सोसलं नाही. घरी पहिल्या उसाशालाच तो पेन्सिल काढून घ्यायचा.

"वीस माड, वीस पोफळी समजू," ती स्वतःशीच म्हणाली.

अंदाजानं गणित! जयवंतच्या अंगावर काटा आला. क्लासमध्ये कुणी असं केलं असतं तर त्यानं बाकावर उभं केलं असतं. त्याची भुवई वर गेली… पण ती वर गेली वालाच्या पातेल्यावर, आणि वालांना त्याचं काही वाटलं नाही.

"माडांना साठ. पोफळींना वीस. ऐंशी झाल्या." ती थांबली. "दहा कळश्या उरल्या."

चूक, असं जयवंत म्हणाला नाही. ओठ दाताखाली धरला होता, तेवढं खरं.

"उरल्या म्हणजे माड कमी पडले."

शांतता.

"किती कमी पडले…?"

पुन्हा शांतता. ही मोठी होती. जयवंतला ती सोसवेना. आता सांगतो, एकच शब्द सांगतो, असं चारदा तरी त्याच्या मनात आलं. मोडक्या डाळिंब्यांचा ढीग वाढत गेला. कठड्याशी उभ्या असलेल्या बाईंच्या मागे बांधलेल्या हातांकडे त्याचं लक्ष गेलं. दोन्ही हात एकमेकांना घट्ट धरून होते. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

आणि त्याला एकदम साडीवरचे ते डाग आठवले.

म्हणजे बाई चिंच बघत नव्हत्या. खडू धरून उभ्या होत्या. पाठीमागे. त्यांनाही त्याच्यासारखंच सांगून टाकावंसं वाटायचं, रोज, प्रत्येक पोराच्या वेळी… आणि तो त्या डागांना हसला होता.

त्यानं मान आणखी खाली घातली. दिसत नव्हतं नीट, पण वाल सोलायला फार दिसावं लागत नाही.

"एक पोफळ काढली," केतकी सावकाश म्हणाली, "आणि तिच्या जागी माड लावला… तर एक कळशी वाचते आणि तीन लागतात. म्हणजे दोन जास्त. दहा उरल्यात…"

खडू लादीवर भरभर वाजायला लागला.

"पाच माड! पाच पोफळी काढायच्या, पाच माड लावायचे. पंचवीस माड, पंधरा पोफळी!"

ती वर बघेल, आता बघेल, म्हणून जयवंतनं श्वास रोखून धरला. मान हलवायची अनावर इच्छा झाली.

तिनं बघितलं नाही. ती लादीवरच ओणवी होऊन पुटपुटत होती. "पंचवीस त्रिक पंचाहत्तर. आणि पंधरा. नव्वद. हो. बरोबर आहे."

बरोबर आहे, हे तिनं स्वतः म्हटलं.

बाई वळल्या. लादीवरच्या त्या वेड्यावाकड्या झाडांकडे त्यांनी बघितलं आणि पाटावर येऊन बसल्या.

"छान केलंस गं," जयवंतला राहवलंच नाही. "पण बोर्डात असं चालत नाही हां. तिथे x मानून, समीकरण मांडून…"

"जयवंत," बाई म्हणाल्या. "पातेलं."

त्यानं वाल उचलला.

"थांबा, मी x नं पण करून बघते," केतकी म्हणाली. तिनं नवी लादी घेतली. "माड x. मग पोफळी… चाळीस वजा x. हो ना?"

कुणीच हो म्हटलं नाही.

"हो," ती म्हणाली आणि पुढची ओळ लिहिली. तिच्याखाली आणखी एक. मग आणखी एक.

जयवंत सोलत राहिला. डोळ्यांतलं पाणी पातेल्यात पडलं असेल तर त्याची चव बाईंना कळली असणार, पण त्या तसं बोलल्या नाहीत. आता डाळिंब्या अख्ख्या निघत होत्या.

"बाबा," थोड्या वेळानं केतकी म्हणाली, "अजून एक घाला ना."

बाबा. घाला ना. किती दिवसांनी!

जयवंतनं हातातला वाल खाली ठेवला. त्याच्याकडे हजार उदाहरणं होती, त्यातलं एक धड आठवलं नाही. मग बाईंनीच एक सांगितलं, तलावाच्या भोवतीच्या रस्त्याचं, आणि पुन्हा कठड्याशी गेल्या.

उन्हं उतरली तशी दोघं निघायला उठली. पडवीच्या सगळ्या लाद्या पांढऱ्या झाल्या होत्या. जयवंत बाईंच्या पाया पडला.

"डागांचं… मला तेव्हा कळलं नाही, बाई."

"कळलं असतं तर शिकला नसतास," बाई म्हणाल्या. "थांब जरा."

त्या आत गेल्या आणि फडक्यात बांधलेलं एक ओलं गाठोडं घेऊन आल्या.

"काय हे?"

"वाल. कालच मोड आलेत. उद्या ती अभ्यासाला बसली की समोर बसून सोल. संपले की बाजारातून आण."

जयवंत गाठोडं हातात घेऊन उभा राहिला. गाडीत केतकी पुढच्या सीटवर जाऊन बसली होती, येताना मागे बसली होती. तिनं हॉर्न वाजवला.

"पण बाई," तो अडखळत म्हणाला, "आमच्या घरी बिरडं कुणीच खात नाही. हिच्या आईला तर वालाचा वाससुद्धा सहन होत नाही."

बाई पोतेरं घेऊन लाद्या पुसायला वाकल्या होत्या. तशाच वाकून म्हणाल्या,

"खायला कोण सांगतंय?"