ओल्या पावलाचा वसा

ऐका गौरीच्या पावलांनो, तुमची कहाणी.

नगर होतं एक, आटपाट म्हणावं असं. नगराला नदी, नदीला घाट, घाटामागं घरांची ओळ. त्या ओळीत एक घर होतं. घरात अप्पा होते, आई होत्या, त्यांचा लेक श्रीनिवास होता आणि श्रीनिवासाची बायको ऋजुता होती. ऋजुता शिकलेली होती, तापट होती. मोठ्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचं उत्तर तयार असे.

आईंना साखरेचं दुखणं होतं. साखरेनं त्यांचे तळवे बधिर केले होते. पायातली चप्पल निसटली तर चार पावलांनंतर कळे. पण घरात जुनी शहाबादी फरशी होती. रंगानं करडी, अंगानं खडबडीत. देवघरापाशी तिचा एक टवका उडाला होता, स्वयंपाकघराच्या दारात ती जरा बसली होती. आई तिच्यावरून चाळीस वर्षं चालल्या होत्या. टवका लागला की देवघर आलं, खळगा लागला की चूल आली. आई भिंत धरीत नसत, कुणाला हाक मारीत नसत.

एके दिवशी अप्पांच्या मनात आलं, घर नवं करावं. शेजाऱ्यानं केलं, व्याह्यांनी केलं, आपणच का मागं राहावं? मग त्यांनी ठेकेदार गजाभाऊला बोलावलं. म्हणाले, "गजाभाऊ, फरशी पांढरीशुभ्र पाहिजे. पाहुणा दारात उभा राहिला की वरचा दिवा त्याला खाली दिसला पाहिजे."

"दिसतंय की," गजाभाऊ म्हणाला.

"गौरी यायच्या आत झालं पाहिजे."

"होऊन जातंय."

घरात कुणाला विचारलं? कुणालाच नाही. घर ज्या बायकांनी पुसायचं, त्यांना तर नाहीच. ऋजुता संतापली. पायांत चपला सरकवल्या आणि तरातरा घाटाच्या वाटेला लागली.

वाटेत एक बांधकाम चाललं होतं. तिथं नळाखाली एक मजूर बाई बसली होती. हौसाबाई तिचं नाव. तिच्यापुढं तीन जातींच्या फरशा होत्या. ती एक फरशी धुई, स्वतःचा पाय ओला करी, फरशीवर उभी राही. मग दुसरी घेई, मग तिसरी.

ऋजुता म्हणाली, "बाई, बाई, हे काय करता?"

"वसा करते."

"कसला वसा?"

"ओल्या पावलाचा."

"मला सांगा. मी पण करीन."

हौसाबाई हसली. "तुला गं कशाला? तू शिकलेली, पाय जमिनीला लागत नाही तुझा. घेशील, आणि घाईघाईत अर्धा टाकशील."

"टाकणार नाही. आमच्या घरात कुणी ऐकून घेत नाही. मला सांगाच."

मग हौसाबाईनं वसा सांगितला. "जुनी फरशी उखडायच्या दिवशी हा वसा सुरू करावा. घरात ज्याचे पाय सगळ्यांत अधू, त्याला घेऊन दुकानात जावं. त्याचं पाऊल ओलं करावं, फरशीवर ठेवावं. तो म्हणेल ती घ्यावी. कारागीर पहिली ओळ बसवील, तेव्हा तिच्यावर पाणी ओतावं, त्याच माणसाला चालवून बघावं. मगच दुसरी ओळ बसवू द्यावी. गौरी ज्या दिवशी घरात येतील, त्या दिवशी वसा पुरा होतो. दुकानात फरशी लखलखेल, तिला भुलू नये. ठेकेदार चालतंय म्हणेल, ते मानू नये. मोठी माणसं गप्प बस म्हणतील, तिथं गप्प बसू नये."

ऋजुता म्हणाली, "एवढंच ना?"

"एवढंच," हौसाबाई म्हणाली, आणि पुढची फरशी धुवायला घेतली.

ऋजुतेनं वसा घेतला. घरी आली. जुनी फरशी उखडायचा दिवस आला. मजुरांनी पहार घातली, देवघराचा टवका उडालेला दगड उचलला, दारातला बसका दगड उचलला, मागच्या अंगणात नेऊन टाकला. आई एका स्टुलावर बसून बघत राहिल्या.

मग दुकानात जायचं ठरलं. अप्पा निघाले, श्रीनिवास निघाला, ऋजुता निघाली. आई पदर सावरून उठल्या. म्हणाल्या, "मी येऊ का गं?"

ऋजुतेला घाई होती. अप्पा पुढं जाऊन पसंत करून मोकळे होतील, ही तिला धास्ती होती. ती म्हणाली, "आई, तिथं जिना आहे. तुम्ही हळू चालता. मी आहे ना, मी बघते बरोबर."

आई खाली बसल्या.

दुकानात फरशा ओळीनं उभ्या होत्या. पांढऱ्या, दुधी, हस्तिदंती. अप्पांनी एकीत आपला चेहरा बघितला, मिशी नीट केली. "हीच." ऋजुतेनं दुकानदाराकडून पाणी मागितलं. फरशी आडवी ठेवली, चप्पल काढली, पाय ओला केला, उभी राहिली. पाय सर्रकन गेला. तिनं झटकन तोल सावरला.

"बघा," ती म्हणाली. "घसरते."

"कुठं घसरते?" अप्पा म्हणाले. "तू तर उभी आहेस."

"मी सावरले म्हणून उभी आहे."

"मग सगळे सावरतील. घरात काय तळं करून ठेवणार आहेस का?"

श्रीनिवास म्हणाला, "ऋजू, छान दिसतेय गं. घेऊ या."

ती भांडली. भर दुकानात भांडली. आईंच्या पायांचं नावसुद्धा घेतलं. अप्पा म्हणाले, "आईंचं मला सांगतेस? तू आलीस काल." पण आई तिथं नव्हत्या. पाय तिथं नव्हते. तोंडच होतं नुसतं, आणि सुनेच्या तोंडाला त्या घरात मोल नव्हतं. फरशी ठरली.

मग गजाभाऊनं पहिली ओळ बसवली. ऋजुता तांब्या घेऊन आली. आई ओसरीवर होत्या. म्हणाल्या, "मी येऊ का बघायला?"

ऋजुता म्हणाली, "थांबा हो आई, तिथं सगळा सिमेंटचा राडा आहे. तुम्ही मध्ये नका येऊ."

आई थांबल्या.

ऋजुतेनं पाणी ओतलं, फरशीवर चालली. पाय गेला. तिनं दाराची चौकट धरली. गजाभाऊ तंबाखू चोळत उभा होता. म्हणाला, "वहिनी, पडलात का?"

"नाही."

"मग चालतंय की."

"म्हाताऱ्या माणसाला चालणार नाही. माल बदला. निदान दारापासून स्वयंपाकघरापर्यंत खडबडीत घाला."

"वहिनी, मधोमध पट्टा घालून घराला ठिगळ लावू का? गौरीला आठ दिवस राहिलेत. माल बदलायचा तर अप्पांना सांगा, मी दिवाळीत येतो."

ऋजुता अप्पांकडं गेली. अप्पा म्हणाले, "गौरी काय उकिरड्यावर बसवायच्या?" दुसरी ओळ बसली. तिसरी बसली. घर दुधासारखं पांढरं झालं. वर दिवा लागला की खाली दिवा लागला. बघायला गल्ली लोटली. आई मात्र भिंत धरून चालू लागल्या. कुणी विचारलं तर म्हणत, "नवी आहे ना. होईल सवय."

मग भाद्रपद आला, गौरी यायचा दिवस आला. तिसरा प्रहर होता. घरात सवाष्णी जमल्या होत्या. तुळशीपासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं उमटवली होती. त्या घरची रीत अशी होती, थोरल्या सवाष्णीनं गौरीचा मुखवटा हाती घेऊन आत यायचं. उंबऱ्यावर सुनेनं तिच्या पायांवर दूधपाणी घालायचं. मग ओल्या पावलांनी तिनं देवघरापर्यंत जायचं.

ऋजुतेनं सकाळीच उंबऱ्याच्या आत गोणपाट अंथरून ठेवलं होतं. अप्पांनी ते बघितलं. "हे काय? देवीच्या वाटेवर गोणपाट? उचल."

"नाही उचलणार. आईंचे पाय ओले असणार आहेत."

सवाष्णी एकमेकींकडं बघू लागल्या. श्रीनिवास जवळ येऊन पुटपुटला, "ऋजू, आज नको. आज गप्प बस."

ऋजुता गप्प बसली नाही. "उद्या कोण पडलं तर तुम्ही उचलाल?"

मग आई म्हणाल्या. हातात मुखवटा होता, डोक्यावर पदर होता. "उचल गं बाळ. सणाचा दिवस आहे. चार पावलं तर आहेत. मी जपून टाकते. माझी शपथ, आता बोलू नको."

ऋजुतेला रडू आलं, संताप आला. मनात म्हणाली, करा मग तुमच्या मनासारखं. गोणपाटाची वळकटी केली, कोपऱ्यात फेकली. आणि गप्प बसली.

तिनं तांब्या घेतला. आईंच्या पायांवर दूध घातलं, पाणी घातलं. आतून सवाष्णींनी विचारलं, "गौर आली का?"

आई म्हणाल्या, "आली."

"कशाच्या पावली आली?"

"सोन्याच्या पावली आली."

आईंनी उजवं पाऊल उंबऱ्याच्या आत टाकलं. ओल्या पावलाचा वसा तो. पाऊल आईंचं होतं, ओलं ऋजुतेनं केलं होतं. फरशी मात्र ती पांढरी होती.

पाय सरकला. सरकला हे आईंना कळलंच नाही, अंग कललं तेव्हा कळलं. हात टेकता आले असते. पण हातात गौर होती. आईंनी दोन्ही हात वर धरले, मुखवटा वर धरला, आणि अख्खं अंग कमरेवर घेतलं. हाड मोडलेलं दारातल्यांनी ऐकलं.

मुखवट्याला ओरखडासुद्धा आला नाही.

अप्पा धावले. पहिलं काय म्हणाले? "देवीनं लाज राखली." ऋजुतेनं त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि आईंपाशी जमिनीवर बसली.

डॉक्टरांनी खुब्यात सळई घातली. साखरेनं जखम भरेना. पहिला महिना गेला, आई उठल्या नाहीत. दुसरा गेला, उठल्या नाहीत. तिसऱ्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, आता खाटेवरच. गौरी तिसऱ्या दिवशी आपल्या घरी गेल्या होत्या. आईंची खाट राहिली.

संध्याकाळी दिवा लावला की खाली दुसरा लागे. अप्पा दिवा लावू देईनात. अंधारात भिंत धरून चालू लागले. श्रीनिवास घरात पायमोजे काढीना, ती फरशी पायाला लागू देईना.

ऋजुता हौसाबाईला शोधत बांधकामावर गेली. इमारत उभी राहिली होती, माणसं दुसऱ्या गावी गेली होती. नळ होता. बाई नव्हती. वसा पुन्हा कुणाकडून घ्यायचा? चुकलं कुठं, हे कुणाला विचारायचं? मी बोलले, मी भांडले, मी पाणी ओतलं, तरी असं का झालं? ती नळापाशी बसून राहिली.

मग ती घरी आली. मागच्या अंगणात गेली. ढिगाऱ्यातून शहाबादीचा एक तुकडा घेतला, मोरीला घातलेल्या कोटा दगडाचा एक उरलेला घेतला, पांढरीचा एक घेतला. तिन्ही धुतले. आईंच्या खाटेशी बसली, त्यांचे पाय ओले केले. एकेक तुकडा तळव्याला लावला.

पांढरी लावली. "आई, कळतंय का?"

"काय लावलंस?"

कोटा लावला. "आता?"

"थंड आहे काहीतरी."

शहाबादी लावली. आईंचे डोळे भरले. "हा. इथं पाय लागतो मला. देवघरापाशीचा ना हा?"

ऋजुतेनं तुकडा उलटा करून बघितला. कडेला टवका उडालेला होता.

"आई, तेव्हा का नाही बोललात?"

आई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "मी म्हटलं होतं बाळ, येऊ का. दोनदा म्हटलं. आले असते तर पाय ठेवून बघितला असता."

ऋजुतेनं टवक्याचा तुकडा पुन्हा त्यांच्या तळव्याशी धरला.

अप्पा दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी गजाभाऊला बोलावलं. पांढरी काढायला लावली, खडबडीत शहाबादी घालायला लावली. गजाभाऊनं पहिली ओळ बसवली आणि हात थांबवला. "वहिनी, चालतंय का?" त्यानं विचारलं. पहिल्यांदाच विचारलं. ऋजुतेनं खाटेकडं बघितलं. चालायला कोण होतं?

उंबऱ्यापासून खाटेपर्यंत फरशी झाली. आई खाटेवरून हात खाली सोडत, तळहात फरशीवर टेकवत, तशाच पडून राहत. टवक्याचा दगड ऋजुतेनं तिथंच, हाताशी बसवून घेतला होता.

वर्ष फिरलं. गौरी आल्या. आता मुखवटा ऋजुतेच्या हाती होता. तिच्या पायांवर श्रीनिवासानं पाणी घातलं, कारण घरात दुसरी बाई उभी नव्हती. खाटेवरून आईंनी विचारलं, "गौर कशाच्या पावली आली?"

सोन्याच्या म्हणायचं असतं. ऋजुतेच्या तोंडून सोनं येईना.

"ओल्या पावली आली, आई," ती म्हणाली.

"मग सांभाळून घे तिला," आई म्हणाल्या, आणि त्यांनी हात फरशीवर टेकवला.

गौरीमाये, ऋजुतेला जे उशिरा कळलं, ते तुम्हांआम्हांला वेळेवर कळो. तिचं दुःख तिच्याशी राहो, तिचा वसा आपल्याकडं येवो. ही साठां उत्तरांची कहाणी पाच शब्दांत सांगून उठते: ज्याचे पाय, त्याला आधी विचारा. माझी कहाणी संपूर्ण. सुफळ करणं तुमच्या हाती.