कोपऱ्यातला अज

शब्दांना पाय होते त्या काळी वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्याच्या कोपऱ्यात ‘अज’ नावाचा म्हातारा शब्द राहायचा. अज म्हणजे बोकड. दर रविवारी ‘बोकड, दोन अक्षरी’ असं वाचलं, की लोक झोपाळू डोळ्यांनीच त्याला चौकटीत बसवायचे. अजला वाटे, सगळं गाव आपल्याला ओळखतं.

एकदा शेजारच्या चौकटीत नव्यानं आलेली ‘फटफटी’ म्हणाली, “आजोबा, लिहितात सगळे, पण तुम्हाला हाक कोण मारतं हो?”

ते अजच्या जिव्हारी लागलं. कागदावरून उतरून, म्हातारीच्या कापसासारखा तरंगत तो माळावर गेला. तिथे खराखुरा बोकड चरत होता.

“मी तुझं नाव,” अज म्हणाला.

“कधी ऐकलं नाही बुवा! आम्हाला चारायला आणणारी गोदा तर मला ‘ये रे बांड्या’ म्हणते.” बोकडानं त्याला हुंगलं. कागदाचा वास आला, मग काय! त्यानं अजला सावकाश चघळून गिळलं.

आत ऊब होती, पाल्याचा हिरवा वास होता. बोकड म्हणजे काय, ते अजला तेव्हा कळलं.

पुढच्या रविवारी कोपरा रिकामाच राहिला. पेन्सिली अडल्या. कोडं सोडवणाऱ्यांनी कित्येक वर्षांनी मान वर करून खिडकीबाहेर पाहिलं.

माळावर बोकड चरत होता.