पंचवीसच्या आत

एका राज्यात भांड्याची किंमत त्याच्या दह्यावरून ठरत असे. भांडं मातीचं की पितळेचं, कुठल्या भट्टीतलं, बूड गोल की सपाट, याला तिथे काही महत्त्व नव्हतं; निदान तसं सांगितलं जाई. वर्षातून एकदा फळीभरणी होई. नव्या भांड्यांनी आपापलं दही लावून आणायचं. ते पसंत पडलं की भिंतीवरच्या फळीवर जागा मिळे, आणि फळीवर चढलेल्या भांड्यात मग जन्मभर दूध पडत राही. नापसंत पडलं तर रवानगी चुलीमागे. तिथे त्यात राख भरत. आणि एकदा राख पडलेल्या मडक्यात पुन्हा कुणी दूध घालत नाही, हे काय वेगळं सांगायला हवं?

दही कुणालाच एकट्याच्या बळावर लावता येत नाही. दूध आपलं, ऊब आपली, पण चमचाभर विरजण दुसऱ्याचं लागतंच. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. विरजण घेताना मोठ्याने म्हणायचं, ‘अमक्या मडक्याचं विरजण घेतलं,’ की झालं. लबाडी होती ती वेगळी. काही जणांना दूध तापवायचा, ऊब धरून बसायचा कंटाळा. ते सरळ दुसऱ्याचं लागलेलं दहीच आपल्यात ओतून घेत आणि वर मान ताठ करून रांगेत उभे राहत.

ही लबाडी पकडायचं काम पळीबाईंचं. नव्या भांड्यांना दही लावायला शिकवत त्याही बाईच आणि तपासत त्याही बाईच. त्यांची रीत साधी होती. पळी आत घालायची, एक काप काढायचा आणि बघायचं. जिथल्या तिथे लागलेलं दही कापल्यावर उभं राहतं. ओतून आणलेलं असलं की गोळे फुटतात, पाणी सुटतं. मग बाई विचारत, “ऊब कशी धरलीस गं?” जिने खरंच धरली असेल ती इतकं बोले, की बाईंना म्हणावं लागे, “पुरे, पुढे हो.” जिने धरली नसेल ती जमिनीकडे बघत राही.

पण भांडी वाढली. साठाची सहाशे झाली आणि पळीबाई एकट्याच. त्यांचा दांडा ठणकायला लागला. घाईत दोन-तीन ओतीव दह्यांची भांडी फळीवर जाऊन बसली, आणि ते कळल्यावर गावभर बोंब झाली.

तेव्हा डेरेसाहेबांनी कांडी मागवली. डेरेसाहेब म्हणजे त्या राज्याचे सर्वेसर्वा, भलंमोठं पोट, घुमणारा आवाज. गेली कित्येक वर्षं त्यांनी आत काही लावलेलं नव्हतं, म्हणून तर आवाज एवढा घुमायचा.

कांडी दूरच्या राज्यातून आली. पांढरी, सडपातळ, अबोल. आल्या आल्या तिला फळीवरच्या एकूण एक दह्यात बुडवून काढलं. ती एकदा चाखलेलं विसरत नसे. नव्या दह्यात बुडवली की शंभरातला एक आकडा सांगे: यातलं एवढं मी आधी चाखलेलं आहे. ती कधी खोटं बोलली नाही. तिला विचारलं असतं तर तिने आणखीही सांगितलं असतं, पण आकड्यापलीकडे काही विचारावं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. डेरेसाहेबांनी नियम केला: पंचवीसच्या आत आला तर फळी, वर गेला तर राख. पंचवीसच का? तर त्या दूरच्या राज्यात पंचवीस धरतात असं त्यांनी ऐकलं होतं. तिथे म्हशीचं दूध, इथे शेळीचं. पण हे डेरेसाहेबांना सांगायचं कुणी?

पळीबाई तर खूशच झाल्या. उगाच खोटं कशाला बोला! कांडी बुडवायची, आकडा ऐकायचा, पुढचं भांडं. सहाशे भांडी दुपारच्या जेवणाआधी हातावेगळी व्हायला लागली. दांड्याला आराम मिळाला. दही कापून बघायची सवय कधी सुटली ते बाईंच्या लक्षातही आलं नाही.

अशी काही वर्षं गेली, आणि एका वर्षी खालच्या आळीतून बुडकुली आली. बुडकुली म्हणजे मुठीएवढं मातीचं मडकं. तिच्या भट्टीतलं आजवर कुणी फळीवर चढलं नव्हतं. तिची आई, मावशी, दोन्ही आत्या, सगळ्या चुलीमागे राखेत होत्या. निघताना आई म्हणाली होती, “तू तरी दुधाची हो गं बाई.” एवढंच बोलली, आणि तोंडातून थोडी राख उडाली.

बुडकुली रांगेत सगळ्यांच्या मागे बसे आणि बाई सांगतील ते शब्दन्‌शब्द करी. फळीभरणीला पंधरा दिवस राहिले तसा तिचा धीर सुटला. तिने सरावाचं दही लावलं. विरजण घेतलं ते फळीवरच्या सर्वांत जुन्या, थोरल्या मडक्याचं, आणि तसं मोठ्याने म्हटलंही. मग ते दही घेऊन ती भीत भीत पळीबाईंकडे गेली.

“बाई, एवढं बघता का? माझा जीव थाऱ्यावर नाही.”

बाईंना दया आली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कोनाड्यातली कांडी काढली आणि तिच्या दह्यात बुडवली.

“चोवीस,” कांडी म्हणाली.

“ऐकलंस ना? चोवीस! अगं, मग रडतेस काय वेड्यासारखी? अगदी असंच लाव त्या दिवशी. यात तसूभर बदल करू नकोस.”

बुडकुलीने बदल केला नाही. तीच शेळी, तेवढंच दूध, तेवढीच ऊब, तेच विरजण.

फळीभरणीच्या दिवशी अंगण गच्च भरलं. डेरेसाहेब मधोमध बसले. चुलीजवळ सांडशी उभी होती. तिच्या तोंडात खापराचा तुकडा, तुकड्यावर राखेचा ढीग. हुकूम झाला की नेऊन ओतायची, एवढंच तिचं काम, आणि त्यात ती कधी चुकली नव्हती.

सुरुवातीला लोट्या आला. पितळेचा, आतून ताजी कल्हई, चालताना चमके. त्याने सकाळीच तीन घरचं दही गोळा करून आत ओतलं होतं, वर साखर घोटली होती, केशर, जायफळ, जे सापडेल ते घातलं होतं. कांडीने असलं मिश्रण कधी चाखलेलं नव्हतं.

“नऊ.”

अंगणात वाहवा झाली. डेरेसाहेब घुमले, “याला म्हणतात स्वतःचं दही! जा बाळ, फळीवर जा.” मागच्या रांगेतलं एक गाडगं पुटपुटलं, “दही म्हणे! हे तर श्रीखंड झालं.” पण ते आपलं आपल्याशीच.

बुडकुलीची पाळी आली. तिने वरचं फडकं काढलं. दही पांढरंशुभ्र, वर सायीची एक अखंड चकती. तिने स्पष्ट म्हटलं, “थोरल्या मडक्याचं विरजण घेतलं.” कांडी बुडाली.

“चौसष्ट.”

बुडकुलीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिने बाईंकडे पाहिलं. बाई कांडीकडे बघत होत्या.

“चौसष्ट!” डेरेसाहेब म्हणाले. “एवढ्याशा जिवाची हिंमत बघा. राख आणा.”

सांडशी निघाली. अंगण लांबलचक आणि ती चालत होती संथ, राख सांडू नये म्हणून.

“साहेब, मी ओतलं नाही हो,” बुडकुली म्हणाली. “मी लावलंय. शेळीचं दूध, गोधडीत गुंडाळून बसले होते, दोनदा ऊब गेली म्हणून परत...”

“आकडा बोलला, आता तू कशाला बोलतेस?”

पळीबाई मनाशी हिशेब मांडत होत्या. पंधरा दिवसांपूर्वी चोवीस आणि आज चौसष्ट, हे कसं? आणि मग त्यांना कळलं. कळलं आणि वाटलं, कळलं नसतं तर बरं. कारण सांगायचं म्हणजे कांडी गुपचूप वापरल्याची कबुली द्यायची, तीही भर अंगणात. बाई थोडा वेळ गप्प उभ्या राहिल्या. लाजिरवाणी गोष्ट आहे, पण राहिल्या. तेवढ्या वेळात सांडशीने अर्धं अंगण ओलांडलं.

“थांबा!” बाई शेवटी ओरडल्या. “साहेब, कांडीला एक विचारायचंय.”

“कांडीला काय विचारायचं? तिने सांगितलं की.”

“किती ते सांगितलं. कुणाचं ते विचारते.” आणि परवानगीची वाट न बघता त्या कांडीकडे वळल्या. “अगं, चौसष्ट कुणाचे?”

कांडी गोंधळली. इतक्या वर्षांत तिच्याशी कुणी बोललंच नव्हतं. मग तिने नेहमीच्या सपाट आवाजात सांगून टाकलं, “चोवीस थोरल्या मडक्याचे. चाळीस बुडकुलीचे.”

“बुडकुलीचे म्हणजे?”

“पंधरा दिवसांपूर्वी तुम्हीच मला तिच्यात बुडवलंत. ते मी चाखलेलं आहे.”

अंगणात कुजबुज उठली. पळीबाईंनी मान खाली घातली नाही, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. “हो, बुडवली. चूक माझी आहे, साहेब. मीच म्हटलं तिला, अगदी असंच लाव. पोरीने ऐकलं. स्वतःच्या दह्यासारखं दही लावलं म्हणून तिला राखेत घालायचं?”

“तुमचं नंतर बघू, पळीबाई. आकडा चौसष्टच आहे ना?”

“आकडा राहू द्या बाजूला! आत बघा की!” बाईंनी कित्येक वर्षांनी दह्यात पळी घातली आणि काप काढला. काप निघाला तो चांगला जाड, आणि मागे उरलेलं दही जागच्या जागी उभं राहिलं, पाण्याचा थेंब नाही. तशाच त्या फळीकडे गेल्या आणि लोट्यात पळी घातली. बुळुक्‌कन गोळे वर आले, भोवती पिवळं पाणी.

“हे बघा आणि ते बघा! हे ओतलेलं आहे, आणि ते लावलेलं!”

“नऊ आलेत माझे,” लोट्या म्हणाला.

डेरेसाहेब अस्वस्थ झाले. त्यांना खरंच न्याय करायचा होता. दुष्ट नव्हते ते. पण सहाशे भांडी समोर बसलेली. आज एकीचं दही कापून बघितलं तर उद्या सगळेच म्हणणार, आमचंही कापा.

“तिला दूध द्या,” बाई काकुळतीला येऊन म्हणाल्या. “इथे, सगळ्यांसमोर लावू दे. मी शेजारी बसते. लागलं नाही तर मलाही राखेत घाला.”

“इतका वेळ कुणाला आहे, पळीबाई? पण तुम्ही एवढं म्हणताय तर तुमचाही मान ठेवतो.” त्यांनी आवाज चढवला. “फेरतपासणी करा. कांडी पुन्हा बुडवा. येईल तो आकडा अखेरचा.”

“साहेब, पुन्हा तीच कांडी? तिने तर आता हेही चाखलंय...”

इकडे हे बोलणं चाललं होतं आणि तिकडे सांडशी बुडकुलीपाशी पोचली होती. तिला राख आणायचा हुकूम झाला होता. थांबा असं बाई म्हणाल्या होत्या, साहेब नव्हे. तिने खापर तिरकं केलं. बुडकुली “बाई!” म्हणेस्तोवर राख खाली आली होती. पांढऱ्या दह्यावर करडा ढीग पडला, कापलेल्या कडेवरून आत घसरला, आणि काही क्षणांत आत नुसता काळपट लगदा झाला.

पळीबाई धावल्या, पण डेरेसाहेबांनी हुकूम दिलेलाच होता. कांडी त्या लगद्यात बुडाली. बराच वेळ आत राहिली. दह्यात कालवलेली राख तिने जन्मात चाखली नव्हती.

“शून्य.”

कुणाला क्षणभर समजलंच नाही. मग डेरेसाहेब असे घुमले, की फळी हादरली. “शून्य! ऐकलंत? या राज्यात आजवर शून्य आलेलं नाही! बघितलंत पळीबाई, आम्ही ऐकून घेतलं की नाही तुमचं? न्याय झाला की नाही?”

“साहेब, आत राख आहे,” पळीबाई म्हणाल्या.

“फेरतपासणी तुम्हीच मागितलीत ना? झाली. आता पुन्हा काय?”

बुडकुलीला वाजतगाजत उचलून सर्वांत वरच्या फळीवर, थोरल्या मडक्याच्या शेजारी ठेवलं. खालच्या आळीतली पहिलीच! चुलीमागे तिच्या आईला बातमी सांगायला कुणीतरी पळत गेलं. संध्याकाळी दूध आलं. दूध घालणारी फळीवरून चालत चालत बुडकुलीपर्यंत आली, आत डोकावली, आणि पुढच्या मडक्याकडे वळली.

पुढच्या वर्षीच्या फळीभरणीला सकाळी अंगणात कुणीच दिसेना. सगळी नवी भांडी चुलीमागे रांग लावून उभी होती. रांग पार वेशीपर्यंत गेली होती. प्रत्येकाचं दही स्वतःचं, रात्रभर ऊब धरून लावलेलं. पळीबाईंना आता तिथलं काम दिलं होतं. एकेक मडकं पुढे येई, फडकं बाजूला करी, आणि बाई त्यावर एक पळी राख वाढत.

“एवढीच?” एक कोवळं मडकं म्हणालं. “अजून घाला ना, बाई. आई म्हणालीय, शून्यच आलं पाहिजे.”