भिंतीआडची पनवती

"मी पनवती हाय का, बाबा? तेवढं सांगा. मग मी गप बसतो."

मीरनबाबांनी मान वर केली नाही. ते आपली जुनी कफनी मांडीवर घेऊन तिला ठिगळ लावत होते.

"सुईत दोरा ओव," ते म्हणाले. "मला दिसत न्हाई आता."

विचारणारा केरबा हिरवे. बाजारपेठेतला शिंपी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. दुकान बंद झालं की या माणसाला जायला जागा एकच होती, ती म्हणजे हॉकीच्या मैदानाची पायरी.

आणि आज तो पायरी सोडून मीरनबाबांच्या तकियात, त्या फकिराच्या मठीत, येऊन बसला होता.

तकिया मैदानाला अगदी लागून आहे. मध्ये एक दगडी भिंत. भिंतीपलीकडे लगेच गोलचे खांब. तिकडून काठ्यांचा खडखडाट ऐकू येत होता, पंचाची शिट्टी ऐकू येत होती. मोसमातला शेवटचा सामना चालू होता.

खेळत होता अजिंक्य क्लब. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. त्या मोसमात अजिंक्यने एकही सामना जिंकला नव्हता.

केरबाने दोरा ओवायचा प्रयत्न केला. ज्याने सगळं आयुष्य सुईत काढलं, त्याच्या हातून दोरा चुकला. पुन्हा चुकला.

"तुला पनवती कोण म्हणालं?" बाबांनी विचारलं.

"चहाच्या गाडीवर म्हणाले."

"कोण म्हणालं?"

"सगळेच. म्हंजे... एकजण म्हणाला, बाकीचे हसले. मला ताप आला होता, त्या रविवारी मी घरीच होतो. त्या दिवशी आपली पोरं बरोबरीत सुटली. सबंध मोसमात तेवढा एकच सामना हरले न्हाईत. तर तो म्हणाला, केरबा, तू नव्हतास म्हणून वाचलो रे."

"चेष्टा केली असंल."

"व्हय. चेष्टाच केली."

केरबाने सुई खाली ठेवली.

"पण खरं असलं तर, बाबा?"

बाबांनी कफनीची उसवलेली कड बोटांनी सरळ केली.

एकेकाळी त्या पायऱ्यांवर बसायला जागा मिळत नसे. अजिंक्य जिंकत होता तेव्हाची गोष्ट. जिंकणाऱ्याला सोयरे फार असतात. मग हार सुरू झाली आणि एकेकाला कामं निघाली. कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाचे गुडघे दुखू लागले. शेवटी तिसऱ्या पायरीवर एकटा केरबा उरला. शेजारी बोलायला कुणी नाही, भांडायलासुद्धा नाही. पंचाला शिवी द्यायची तरी कुणाच्या तोंडाकडे बघून द्यायची, असा त्याला प्रश्न पडे. तरी तो जात राहिला. त्याचा त्याला थोडा अभिमानही होता. सगळे गेले, मी आहे.

आणि आता तेच उलटलं होतं. तो आहे म्हणूनच सगळं बिघडतंय, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

"म्हणून आज इकडं आलास," बाबा म्हणाले.

"व्हय. मी ठरवलंय. आज मी न्हाई बघणार. आज ते जिंकले, तर समजायचं की मीच पनवती होतो. परत त्या पायरीवर पाय ठेवणार न्हाई. आयुष्यात न्हाई."

"आणि हरले तर?"

केरबा दोऱ्याचं टोक बोटांत चोळत बसला.

"हरले तर...?" बाबांनी पुन्हा विचारलं.

"असं कसं म्हणता, बाबा? हरावेत असं वाटतं का मला?"

"मी काय म्हणालो? मी नुसतं विचारलं."

पलीकडे एकदम पळापळ झाली. कुणीतरी ओरडलं, "सोडू नको, सोडू नको!" आणि मग भिंतीला लागूनच आवाज आला. ठक्क.

गोलच्या आतल्या लाकडी फळीवर चेंडू आदळला की असा आवाज येतो. दुसऱ्या कशाचाही येत नाही. या अर्ध्यात भिंतीकडचा गोल अजिंक्यचा होता. म्हणजे गोल त्यांच्यावरच झाला होता.

बाहेरगावच्या पोरांनी आरोळी ठोकली.

केरबाचा चेहरा सैल झाला. कपाळावरची आठी गेली. खांदे खाली आले. आणि मग त्याच्या लक्षात आलं की समोर बाबा बसलेत आणि ते बघतायत.

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"बाबा..."

"बोल."

"आपल्या पोरांनी गोल खाल्ला, आणि मला बरं वाटलं."

बाबांनी मान डोलावली.

"क्षणभरच. पण वाटलं. म्हटलं, चला, मी न्हाई कारण. मी हितं बसलोय आणि तरी गोल झाला. लाज वाटती मला. पोरं तिकडं मार खातायत आणि मी हितं बसून माझा हिशेब बघतोय."

"मग सुटलास की. पनवती न्हाईस तू."

केरबा हळूच म्हणाला,

"पण तसं बघितलं तर मी हितं जवळच बसलोय ना, बाबा. भिंतीला टेकूनच. जरा लांब जायला पाहिजे होतं."

बाबांनी आता पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

"किती लांब?"

"ते... काय सांगावं."

"ताप आला तेव्हा कुठं होतास?"

"घरी."

"घर कुठं तुझं?"

"हे काय. रस्त्याच्या पलीकडं."

"म्हंजे रस्त्याच्या पलीकडं चालतं आणि भिंतीच्या अलीकडं चालत न्हाई." बाबांनी कफनी झटकली. "वर देव काय टेप घेऊन बसलाय? तुझ्यासारखा?"

केरबाला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, केरबा. फांदीचं तिला माहीत. कावळ्यानं कशाला छाती काढायची?"

"छाती कुठं काढतोय मी? मी तर स्वतःला दोष देतोय."

"तेच म्हणतोय."

पलीकडे पंचाने शिट्टी वाजवली, खेळ पुन्हा सुरू झाला. तकियातल्या लिंबाची वाळकी पानं जमिनीवर पडली होती. एक पान केरबाच्या टोपीवर येऊन बसलं, तेही त्याला कळलं नाही.

पुढे तो बोलला, तेव्हा वाद घालायचा सूर गेला होता.

"खरं सांगू का, बाबा? मी पनवती असलो तर बरंय. मग उपाय तरी हाय. मी न्हाई गेलो की झालं, पोरं जिंकतील. तेवढं तरी माझ्या हातात हाय, असं होईल. आणि नसलो तर..."

"नसलास तर?"

"तर ते नुसतेच हरतायत. आणि मी नुसताच बसलोय. एकटा. माझ्या बसण्यानं काही होत न्हाई, उठण्यानं काही होत न्हाई. मग कशाला जायचं? सांगा तुम्ही. त्या दगडावर जाऊन कशाला बसायचं?"

बाबांनी सुई उचलली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि पुन्हा केरबाच्या हातात दिलं.

तेवढ्यात भिंतीवरून चेंडू आला. लिंबाच्या बुंध्याला लागून तो केरबाच्या पायाशी येऊन थांबला. पांढरा चेंडू, एका बाजूने मुरूम लागून तांबडा झालेला.

केरबाने त्याला हात लावला नाही.

"बाबा! ओ बाबा! चेंडू द्या!"

भिंतीपलीकडून विल्यम ओरडत होता. विल्यम गायकवाड, अजिंक्यचा गोली. पायांना जाड पॅड बांधलेले, त्यामुळे भिंतीवर चढता येत नव्हतं. वरून नुसता त्याचा हात दिसत होता.

बाबांनी केरबाला बोट ओठांवर ठेवून दाखवलं. ते उठले, चेंडू उचलला, पण भिंतीपाशी जाऊन तो आपल्याच हातात धरून ठेवला.

"किती खाल्लेस रे?" त्यांनी विचारलं.

"एकच अजून. द्या ना, बाबा, पंच ओरडतोय."

"देतो."

हात तसाच वर राहिला. मग पलीकडून आवाज जरा खाली आला.

"बाबा, केरबामामा दिसले का हो तुम्हाला?"

केरबा होता तिथेच गोठला.

"का रे?" बाबा म्हणाले. "काय काम हाय त्याच्याकडं?"

"काम कसलं... आज पायरीवर न्हाईत. बरं बिरं न्हाई का काय, म्हणून विचारलं. गेल्या खेपेला ताप होता म्हणत होते."

"त्याच्यावाचून काय अडलंय तुझं?"

"अडायचं काय." विल्यम थांबला. "गोल खाल्ला ना, की मी तिकडं बघतो. मामा बसलेले असतात. काही बोलत न्हाईत, नुसते बसलेले असतात. बघितलं की बरं वाटतं. आज बघितलं तर सगळा दगडच दगड. कुणीच न्हाई."

पंचाची शिट्टी दोनदा वाजली. बाबांनी चेंडू त्या हातात ठेवला. हात खाली गेला आणि पॅडचा जड धपधप आवाज लांब गेला.

बाबा परत येऊन बसले.

केरबा खाली मान घालून बसला होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

"ऐकलं?" तो म्हणाला. "माझ्याकडं बघतो म्हणाला. म्हणून तर गोल..."

"गोल खाल्ल्यावर बघतो म्हणाला," बाबा म्हणाले. "आधी न्हाई."

"मला तुमचा खेळ कळत न्हाई," बाबा पुढे म्हणाले. "इतकी वर्षं भिंतीशी राहिलो, नुसता आवाज ऐकला. एक सांग मला. गोल झाला की मग काय करतात?"

"मग मधून सुरू करतात. मैदानाच्या मध्यातनं."

"आणि चेंडू कुणाला देतात? ज्यानं गोल केला त्याला?"

"छे. ज्यानं खाल्ला त्याला."

"हरतोय त्याला?"

"व्हय. नियमच हाय तसा."

"दरवेळी?"

"दरवेळी."

बाबांनी मान हलवली. "बरा खेळ हाय," ते म्हणाले आणि कफनीची फाटकी बाजू शोधू लागले.

केरबाने सुई घेतली, डोळ्यांजवळ धरली आणि एका फटक्यात दोरा ओवला. सुई बाबांच्या कफनीला टोचून ठेवली. टोपी नीट केली, तेव्हा पान खाली पडलं.

तो काही न बोलता तकियाच्या दारातून बाहेर गेला.

बाबा टाके घालत राहिले. मध्यंतर झालं, बाजू बदलल्या. आता अजिंक्यचा गोल पलीकडच्या टोकाला गेला होता. बाहेरगावच्या पोरांची आरोळी पुन्हा एकदा उठली, या वेळी लांबून. ती विरली.

आणि मग, सगळं शांत असताना, पायऱ्यांकडून टाळ्यांचा आवाज आला. एकाच माणसाच्या टाळ्या. सुरुवातीला चोरट्या, मग मोकळ्या. कुणाची साथ नव्हती तरी त्या बराच वेळ चालू होत्या.

बाबांचा हात थोडा थांबला. मग पुन्हा चालू झाला.

दिवस कलला तेव्हा केरबा परत आला. त्याच्या खांद्यावर मुरमाने माखलेला एक शर्ट होता.

"हरलो, बाबा," तो म्हणाला आणि मघाच्याच जागी बसला.

"बघितलं का त्यानं पायरीकडं?"

"बघितलं. गोल खाल्ला, उठला आणि लगेच बघितलं." केरबाने खांद्यावरचा शर्ट मांडीवर घेतला. एक बाही उसवून लोंबत होती. "मी काय करणार. टाळ्या वाजवल्या. लोक म्हणतील, म्हातारा खुळा झालाय."

"हा शर्ट कुणाचा?"

"विल्यमचाच. शिवून द्या म्हणाला. म्हटलं, उद्या देतो. तर म्हणाला, घाई न्हाई मामा, पुढच्या मोसमापर्यंत द्या."

मैदान आता रिकामं झालं होतं. कुणीतरी गोलच्या जाळ्या काढत होतं, तेवढाच आवाज येत होता. भिंतीपलीकडच्या पायऱ्या अंधारात बुडत चालल्या होत्या. आता कित्येक महिने तिथे कुणाला जायचं नव्हतं. केरबालाही नाही. दुकान, घर आणि मधला रस्ता. त्याच्या ते ध्यानात आलं.

त्याने फाटक्या बाहीवरून हात फिरवला.

"पुढच्या मोसमाचं कुणी बघितलंय, बाबा? पोरं राहतात का जातात, क्लब राहतो का जातो. आज तर हरलोच. एकही सामना न जिंकता मोसम संपला."

बाबांनी शेवटचा टाका घातला. दोरा दातांनी तोडला. सुई केरबापुढे धरली.

"मग आता चेंडू कुणाकडं?"