उन्हासाठी थांबलेलं कवच

आजचे डोंगर समुद्राच्या तळाशी लोळत होते तेव्हाची ही गोष्ट. मी तिथे नव्हतो, पण एका खात्रीच्या माशाकडून ऐकलीय.

उन्हात तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचं, डोळ्यांना दिसणारही नाही एवढं लहान एक काचेचं कवच वरून तळाच्या चिखलात येऊन पडलं. त्याला पुन्हा ऊन बघायचं होतं.

"विरघळ, म्हणजे पाण्याबरोबर वर जाशील," शेजारचं म्हातारं कवच म्हणालं.

"मग ऊन बघणार कोण, आजोबा?"

"तेही खरंच. बस तर असंच. तू टिकायला भोवती दगड लागेल, त्याचं मी बघतो."

हळूहळू चिखलाचा दगड झाला, दगडाचा डोंगर झाला. एका सकाळी कडा फुटला आणि कवचावर ऊन पडलं.

"आजोबा, आलं बघा."

आजोबा केव्हाच विरघळून त्याच्याभोवती घट्ट दगड झाले होते. कवच आता उन्हाकडे पाठ करून त्यांनाच हाका मारतं.