पारूने घडवलेले रथाचे चाक

बोरपठार गावाच्या वेशीबाहेर, भैरोबाच्या टेकडीच्या पायथ्याशी वाकसे महाराजांचा मठ होता. मठ आपला म्हणायचा. येणाऱ्याला आधी दिसायचा तो लाकडाचा भुसा. महाराज पूर्वाश्रमीचे सुतार. त्यांनी घरदार सोडले, भगवी कफनी घातली, पण लाकूड तासायचा खांद्यावरचा वाकस काही सुटला नाही. मग लोकांनी नावच ते ठेवले. महाराजांना ते फार आवडे.

या मठात महाराजांनी एक नवल आरंभले होते. सासरच्यांनी टाकलेल्या, आईबाप गेलेल्या, भावकीत ज्यांचा घासही डोळ्यांत खुपे अशा तरण्या मुलींना ते सुतारकाम शिकवत. गावाने नाक मुरडले. सर्वांत जास्त मुरडले ते शिदोजीराव मानकऱ्यांनी. भैरोबाच्या रथाचा पहिला मान त्यांच्या घराण्याचा, आणि तो मान शिदोजीराव मिशांवरही मिरवत.

मुलींमध्ये एक पारू होती. आईबाप पटकीत गेले, तेव्हापासून चुलत्याच्या दारात राबत होती. चुलत्याने साठी उलटलेल्या एका बिजवराशी तिचे लग्न ठरवले, तशी ती पळून मठात आली. तिला वाटले होते, महाराज अंगारा देतील. महाराजांनी विचारले, "तुला काय येतं, बाळ?"

"काय येत न्हाई."

"मग बस खाली. करवत धर."

पहिल्या पावसाळ्यात पारूच्या तळहातांना फोड आले, दुसऱ्यापर्यंत घट्टे पडले, आणि त्यानंतर तिच्या हाताला लाकूड कळू लागले. बाभळीच्या ओंडक्यावर थाप मारून ती आतली चीर ओळखे. महाराज आल्यागेल्याला तिचे काम दाखवत आणि स्वतःच हरखून जात. संन्याशाला मोह नसावा म्हणतात. पण शिष्येचे कौतुक करताना महाराज हा नियम साफ विसरत.

त्या वर्षी चैत्रातल्या जत्रेआधी रथाचे एक चाक कुरकुरू लागले होते. पारूने जुन्या चाकाच्या धावेचे, म्हणजे घेरावरच्या लोखंडी पट्ट्याचे, माप घेतले आणि नवे चाक घडवले. मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, बाहेरचा घेर, सारे बाभळीचे. फक्त धाव चढवायची बाकी ठेवली, कारण धाव देवस्थानची, ती जुन्या चाकावर होती. चाक घेऊन ती महाराजांबरोबर मानकऱ्यांच्या ओसरीवर गेली.

शिदोजीरावांनी चाकाकडे पाहिलेसुद्धा नाही. "देवाच्या रथाला बाईच्या हातचं चाक? महाराज, तुम्ही पोरींना पोळपाट करायला शिकवा. तेवढं शोभेल."

ओसरीवरचे सगळे हसले. पारूची मान खाली गेली. महाराज शांतपणे म्हणाले, "राव, पोळपाटही चांगलं करते ती. पण हे चाक आहे." आणि दोघे चाक परत घेऊन आले. शिदोजीरावांनी जुन्याच चाकाला खिळे मारून घेतले.

आता बोरपठारची एक रीत सांगायला हवी. रथ निघण्याआधी घराघरांतले सगळे पाणी देवाच्या वाटेवर शिंपायचे, हंडे पालथे घालायचे, गावच्या विहिरीवर फळ्या टाकायच्या. देव संध्याकाळी गाभाऱ्यात परतला की फळ्या काढून नवे पाणी भरायचे. तोवर थेंबालाही कोणी शिवायचे नाही. आणि सूर्य मावळेपर्यंत देव बाहेर राहिला तर वर्षभराचे अरिष्ट, अशी गावाची समजूत.

रथ दुपारी टेकडीवरच्या देवळातून उतार उतरून वेशीपर्यंत आला. वळणावर कडाड आवाज झाला, ते जुने चाक फुटले आणि रथ एका अंगाला कलला. बाया रडू लागल्या. तालुक्याहून सुतार आणायला माणूस धाडला, पण तो दिवसाउजेडी परतणे शक्यच नव्हते.

महाराज पुढे झाले. "राव, चाक तयार आहे."

शिदोजीरावांचा चेहरा काळवंडला. गर्दीत पारूचा चुलताही बैलगाडी घेऊन उभा होता. पुतणीला न्यायलाच आला होता तो. त्याच्याकडे बोट करून शिदोजीराव म्हणाले, "लावा. पण देव वेळेत देवळात पोचला नाही, तर उद्या तुमची शाळा बंद. आणि ही पोर त्याच क्षणी चुलत्याच्या गाडीत बसेल. आहे कबूल?"

महाराजांनी पारूकडे पाहिले. आपले चाक कसे आहे, हे तिच्याइतके तिथे कोणाला ठाऊक होते? ती म्हणाली, "कबूल हाय."

मठातल्या मुली कामाला लागल्या. रथाला टेकू दिले, फुटक्या चाकाची धाव सोडवली, गोवऱ्या रचून ती जाळात घातली. लोखंड लालबुंद झाले तशी पारू आणि हौसा नावाच्या तिच्या सोबतिणीने बाकीच्यांच्या मदतीने सांडशीत धरून ती चाकावर बसवली. लाकडातून धूर निघाला, मग जाळ. असेच व्हायचे असते. आता लगेच पाणी ओतायचे, म्हणजे धाव आवळते आणि सारे सांधे घट्ट बसतात.

"पाणी आणा," पारू ओरडली.

कोणी हलले नाही. तेव्हा तिला आठवले. मठात पाणी नेहमी हाताशी असे. कामाच्या नादात तिला आजच्या रितीचा साफ विसर पडला होता. एकाही घरात, मठातसुद्धा, घोटभर पाणी नव्हते. ती विहिरीकडे धावली, तर शिदोजीराव फळ्यांवर पाय रोवून उभे.

"राव, चाक जळतंय. फळ्या काढू द्या."

"देव बाहेर आहे. आमच्या आज्यापणज्यांनी मोडली नाही ती रीत तुझ्यासाठी मोडू?"

चुलत्याने बैल जुंपले. पारू परत धावली. तिच्या हातचे आरे काळे पडत होते. ती महाराजांपुढे कोसळली आणि म्हणाली, "महाराज, माझं चुकलं. मी आधी पाणी बघितलं न्हाई."

महाराजांनी तिला उठवले. "चुकलं खरं. पण चाक चुकलेलं नाही. घण घे हातात. पाण्याचं मी बघतो."

महाराजांच्या कमरेला भोपळ्याचा लहानसा कमंडलू होता. त्यात सकाळचे देवाच्या स्नानाचे तीर्थ. त्याला रीत आड येत नव्हती, पण ते असून असून किती असणार? त्यांनी भैरोबाकडे पाहून डोळे मिटले आणि कमंडलू धावेवर कलता केला. चर्रर आवाज करीत वाफ उठली. धार तुटली नाही. महाराज चाकाभोवती फिरू लागले, धार फिरू लागली. जाळ विझला, पायाखाली चिखल झाला, चिखलातून ओहोळ वाहू लागला, तरी भोपळ्यातून पाणी येतच होते! पारू महाराजांच्या मागोमाग घण घालत गेली. प्रत्येक घावाला धाव आवळत होती, सांधे करकरत जागी बसत होते. शेवटचा सांधा बसला आणि धार आपोआप थांबली.

चाक आसावर चढवले. दोर ताणले. रथ हलला, वळला, आणि कुरकुर न करता टेकडी चढला. देव गाभाऱ्यात गेला तेव्हा देवळाच्या कळसावर अजून ऊन होते.

शिदोजीराव मागून एकटे चालत आले. त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. "महाराज, मी आंधळा झालो होतो. आज तुम्ही देवाचा रथ तारलात."

महाराज दोन पावले मागे सरले. "देवानं पाणी दिलं, राव. मी फक्त ओतलं. पण पाण्यानं चाक होत असतं, तर गावोगावच्या नद्यांतून चाकं वाहत आली असती. रथ वर आला तो चाकावर."

शिदोजीराव उठले. त्यांनी चुलत्याला गाडी रिकामी घेऊन जायला सांगितले. ही पोर आता देवस्थानची कारागीर आहे, तिच्यावर कोणाचा हक्क नाही, असे सगळ्यांच्या देखत बजावले. मग ते पारूकडे वळले. कपाळावर चिखल तसाच, पागोटे काखेत. जन्मात कोणा बाईपुढे वाकला नव्हता तो माणूस वाकला.

"बाई, चाक कुणी केलं म्हणून सांगू गावाला?"

पारूचे हात कोळशाने काळे झाले होते. ते तिने पुसले नाहीत. मान वर करून ती म्हणाली, "मी केलं. पारूनं केलं, सांगा."

भाविकहो, त्या वेळी महाराजांच्या तोंडावर जो अभिमान दिसला, तो पाहणारे सांगत की गाभाऱ्यातला भैरोबाही तसाच हसत होता.